बिनवाऱ्याचे तास

टक्. गॅलरीत काहीतरी पडलं. एवढंसंच, कपड्यांचा चिमटा फरशीवर पडावा एवढं. आणि तो चिमटाच होता, हे तिला खुर्चीवरून न उठताच कळलं. घरातल्या प्रत्येक वस्तूचा पडण्याचा आवाज आता तिला पाठ झाला होता, लेकीच्या दुधाच्या कपाचा, सासूबाईंच्या चष्म्याच्या डबीचा, नवऱ्याच्या पट्ट्याच्या बक्कलाचा. उजाडता उजाडताची वेळ होती. घर झोपलेलं होतं, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॉम्प्युटर उघडून ती एकटीच जागी होती. ही वेळ तिने घरातून चोरलेली असायची. अजून कुणी हाक मारलेली नाही, कुणाचं काही सापडेनासं झालेलं नाही, अशी. तिच्यातसुद्धा कुणीतरी काहीतरी पाडणारच का, असं मनातल्या मनात करवादत ती उठली. मग लक्षात आलं की पाडायला कुणी जागंच नाही. वारा असेल. ती गॅलरीत आली आणि उभीच राहिली. वारा नव्हता. लेकीच्या शाळेचा पांढरा सदरा एका चिमट्यावर एका खांद्याने लोंबत होता, आणि इतका स्तब्ध होता की कुणीतरी त्याला दटावून उभं केलंय असं वाटावं. शेजारचा टॉवेल, त्याच्या शेजारचा परकर, खालच्या झाडाचं पान न् पान, सगळं तसंच. रस्त्यावरच्या दिव्याभोवती मळकट पिवळा गोळा धरला होता. चिमट्याचं स्प्रिंग म्हातारं झालं होतं, म्हणून तो आपोआप सुटला होता, एवढंच. तिने वाकून तो उचलला, सदऱ्याचा खांदा वर घेतला, आणि चिमटा लावता लावता तिचं बोट कॉलरवरून फिरलं. बोटाला राखाडी काहीतरी लागलं. बारीक, दाताखाली कचकन येईल असं. नाकात जळक्या तव्याचा किंचित गोडसर वास होता. तो मघापासून असणार, तिला आत्ता आला. समोर, घरांच्या ओळीच्या पलीकडे, कारखान्याचं ठेंगणं धुराडं दिसायला हवं होतं. ते दिसत नव्हतं. धूर वरही जात नव्हता, कुठल्या बाजूलाही जात नव्हता. पाहुणा उठायचं नाव घेत नाही तसा तिथेच, सगळ्यांच्या मध्ये, बसून होता. आणि हातात ओला चिमटा घेऊन उभ्या असलेल्या तिला, पायाखालची पायरी नसल्यासारखं, एकदम कळलं की ती ज्या तासात उभी आहे तो तास तिच्या हिशोबात नाही.

म्हणजे हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक नसायला काय झालं, तिचा धंदाच तो. तू करतेस तरी काय, असं कुणी विचारलं की ती ‘धुराचा हिशोब’ असं सांगून मोकळी व्हायची. कुठल्या कारखान्याला नवी भट्टी बांधायची असली, की परवानगीआधी त्यांना एक अहवाल द्यावा लागतो: चिमणीतून निघालेला धूर कुठे जाईल, किती पातळ होईल, आणि कुणाच्या नाकापर्यंत किती पोचेल. हे अहवाल तिचं ऑफिस करायचं, आणि सध्याचा होता समोरच्याच कारखान्याच्या नव्या भट्टीचा. त्यासाठी लांबच्या माळावरच्या विमानतळावरून वर्षभराचं हवामान मागवायचं, तासातासाचं: वारा कुठून, किती जोराचा, ऊन किती, ढग किती. ते प्रोग्रामला भरवायचं, आणि नकाशावर ठिपके टाकायचे. एकेक ठिपका म्हणजे एकेक नाक. ऑफिसात त्याला नाकच म्हणायचे. ‘दवाखान्याच्या नाकावर किती आलं?’ ‘देवळामागचं नाक जरा जास्त दाखवतंय हो.’ प्रोग्राम प्रत्येक तासाला वाऱ्याच्या वेगाने भागत जातो, कारण वारा जितका जोराचा तितका धूर पातळ. आणि वारा शून्य असला तर? हे तिने कॉलेजात विचारलं होतं. कायम घसा बसलेले ते सर, ज्यांना पोरं ‘खर्ज’ म्हणायची, खडूची पूड झटकत म्हणाले होते, ‘शून्याने भागलं तर उत्तर अनंत येतं. अनंत कुठे लिहिणार? म्हणून तो तास सोडून द्यायचा. बाकीच्यांची सरासरी काढायची.’ सगळ्या वर्गाने ते उतरवून घेतलं. तिनेही घेतलं. उत्तर फार मोठं येतं म्हणून प्रश्नच सोडून द्यायचा, यात काही चुकतंय असं तेव्हा एकालाही वाटलं नाही. उलट सुटसुटीत वाटलं. ‘शांत तास’ असं त्यांचं नाव. किती छान नाव. लेकीच्या जन्मानंतर शांत तास म्हणजे काय हे तिला खरं कळलं, आणि तेव्हापासून प्रोग्राम ‘इतके शांत तास वगळले’ असं सांगायचा तेव्हा तिला नुसता हेवा वाटायचा. मला दे की त्यातला एखादा.

आत येऊन तिने हात न धुताच कॉम्प्युटरवर ते वगळलेले तास वेगळे काढले. ते कधी कुणी बघत नाही. कचऱ्याची टोपली रिकामी करताना आत काय आहे ते कोण बघतो? वर्षभरात ते इथेतिथे विखुरलेले असतील अशी तिची समजूत होती, सांडलेल्या तांदळासारखे. तसे ते नव्हते. ते सगळे एका कोपऱ्यात झाडून ठेवल्यासारखे होते. थंडीचे महिने, आणि सकाळ. थंडीत वरच्या हवेचं झाकण घट्ट बसतं, खालची हवा पातेल्यात कोंडते, आणि विमानतळावरच्या वारा मोजणाऱ्या वाट्या फिरायच्या थांबतात. तो उघडा माळ. तिथे ही तऱ्हा, तर इथे या खळग्यात काय असेल? ऊन चढून झाकण उचललं जाईपर्यंत, थंडीतली बहुतेक प्रत्येक सकाळ. आणि त्याच वेळी, कारखान्याच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर, लेकीच्या शाळेच्या मैदानात पोरांच्या रांगा लागतात. हात पुढे, अंतर घ्या, मोठ्याने म्हणा. मोठ्याने म्हणायचं तर श्वास मोठा घ्यावा लागतो. तिच्या नकाशावर शाळेचं नाक हिरवं होतं; मर्यादेच्या रेषेखाली जेमतेम, पण हिरवं. तिने त्या तासांना खोटाखोटा, नावापुरता वारा दिला, पानही हलणार नाही इतका, आणि हिशोब पुन्हा लावला. कॉम्प्युटर घरघरत राहिला. तेवढ्या वेळात तिला उगाच आठवलं, पोटात लेक होती तेव्हा तिचं नाक इतकं तिखट झालं होतं की बस वळणावर यायच्या आत तिला भट्टी पेटल्याचं कळायचं आणि ती पदर नाकाला लावायची. नवरा हसायचा, ‘तुलाच टांगू या विमानतळावर.’ लेक झाली आणि ते नाक गेलं. शाळेचा ठिपका लाल झाला.

मग घर जागं झालं. म्हणजे एकदम सगळीकडून सुरू झालं. ‘अगं, माझा दुसरा मोजा?’ ‘पायात बघ.’ ‘पायात एकच आहे.’ ‘मग पाय तपास, मोज्यांचा कारखाना नाही माझा.’ सासूबाई ओलं फडकं घेऊन खिडकीशी उभ्या होत्या. रोजच्या सवयीने त्यांनी चौकटीवरून फडकं फिरवलं, उलटं केलं, आणि तो काळा पट्टा जणू सुनेचं प्रगतिपुस्तक असावं तसा तिच्यापुढे धरला. ‘मी म्हणतेच आहे, खिडक्या लावत जा. तू ऐकशील तर ना.’ ‘लावल्या तरी येतं हो आई.’ ‘मग नीट लावत नसशील.’ ती नवऱ्याकडे वळली. कुणाला तरी सांगायला हवं होतं आणि दुसरं कुणी नव्हतं. ‘ऐक ना. आत्ता आपण ज्या हवेत उभे आहोत ना, ती माझ्या हिशोबातच नाहीये.’ तो पलंगाखाली डोकं घालून होता. ‘म्हणजे फुकट की,’ तो तिथून म्हणाला. विनोद वाईट नव्हता. एरवी ती हसलीही असती. पण आज तिला त्या पलंगाखालून बाहेर आलेल्या टाचा बघून रडू यावं इतका संताप आला, आणि तो संताप त्याच्यावर नाही हेही कळत होतं, आणि म्हणून तो कुणावर आहे हे शोधायचं आणखी एक काम वाढलं.

‘आई, माझं भिरभिरं!’ लेक झोपेतून थेट दारात. डोळे अर्धे मिटलेले, केसांचं घरटं, आणि मग खोकला, तो कोरडा, दोन पायऱ्या वर चढून एक खाली उतरल्यासारखा खोकला, जो थंडी सुरू झाल्यापासून घरातला एक माणूस असल्यासारखा राहायला आला होता. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, या वयात असतंच, जरा जपा. जपा म्हणजे काय करा, हे काही त्या सांगायच्या नाहीत. भिरभिरं काल संध्याकाळी दोघींनी मिळून केलं होतं, जुन्या कॅलेंडरचा जाड कागद, टाचणी, आणि मोडक्या पेनाची नळी. शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं: उद्या सगळ्यांनी मैदानात रांगेत उभं राहायचं, भिरभिरं पुढे धरायचं, आणि ज्याचं जसं फिरेल तसं त्याच्या नावाच्या चौकोनात बाण काढायचा. भिंतीवर मोठा तक्ता लागणार होता. ‘आज घरीच राहूया का आपण?’ तिने सहज विचारल्यासारखं विचारलं. ‘खोकला आहे ना.’ लेकीने तिच्याकडे असं बघितलं की जणू तिने भिरभिरं चुलीत घालायला मागितलंय. ‘पण माझा चौकोन आहे!’ झालं. आणि खरंच, आज घरी ठेवली, तर उद्या? थंडी अजून निम्मी बाकी होती. घर काय हवेबाहेर होतं?

वेणी घालता घालता तिने साहेबांना फोन लावला. फोन खांदा आणि कानाच्या मध्ये, रबर दातात, हातात तीन पेड. साहेबांना ऑफिसात मागे ‘दशांश’ म्हणायचे, कारण आकडा कुठलाही असो, ते आधी टिंबानंतरचं बघायचे. वाईट माणूस नव्हता. हीच तर पंचाईत. लेक लहान म्हणून सकाळचं काम घरून करू द्या, हे तिचं मागणं त्यांनी एका शब्दात मान्य केलं होतं, आणि त्या एका शब्दाचं ओझं ती तेव्हापासून वागवत होती. ‘मॅडम, रिपोर्ट आज दुपारपर्यंत हवाय हं त्यांना,’ फोन उचलताच ते म्हणाले. ‘साहेब, त्यात शांत तास वगळलेत.’ ‘सगळेच वगळतात. नियमातच आहे.’ ‘हो, पण इथे ते सगळे थंडीच्या सकाळचेच आहेत. तेवढे धरले तर शाळेचं नाक लाल येतं.’ ‘कशाने धरले? मनाने वारा भरला असेल तुम्ही.’ ‘नावापुरता.’ ‘नावापुरता म्हणजे किती दशांश?’ ‘आई, दुखतंय!’ ‘सॉरी, राणी. तुम्हाला नाही म्हटलं, साहेब.’ तिकडून हसू आलं, मग खाकरून ते गंभीर झाले. ‘हे बघा मॅडम, तुम्ही म्हणताय त्यात तथ्य नाही असं मी म्हणत नाही. पण नियम सांगतो वगळा, आपण वगळलं. उद्या कुणी विचारलं, नियम सोडून असं का केलं, तर तुम्ही काय सांगणार? चिमटा पडला म्हणून?’ चिमट्याचं तिनेच सांगितलं होतं, बोलण्याच्या भरात. सांगायला नको होतं. ‘निदान एक वाक्य लिहूया,’ ती म्हणाली. ‘या जागी थंडीत सकाळी वारा थांबतो, आणि ते तास या आकड्यांत नाहीत. एवढंच.’ वेणी सुटत चालली होती. ‘परिशिष्टात टाका,’ साहेब अखेर म्हणाले. ‘शेवटी. आकडा बदलू नका, हिरवं हिरवंच राहू द्या. आणि सही तुमचीच जाईल, नेहमीसारखी.’ तिची सही ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये चित्र करून ठेवलेली होती. ती हवी तिथे चिकटवता यायची.

परिशिष्ट म्हणजे अहवालाची अडगळीची खोली. तक्त्यांच्या मागे, यंत्रांच्या फोटोंच्या मागे. तिथे तिने ते वाक्य लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. ‘थांबतो’ बरं की ‘मंदावतो’? ‘या आकड्यांत नाहीत’ की ‘समाविष्ट करण्यात आलेले नाहीत’? दुसरं लिहिलं की वाक्य आपोआप गणवेश घालून उभं राहतं, आणि कुणी त्याच्या तोंडाकडे बघत नाही. तिने पहिलं ठेवलं. नवरा लेकीला स्कूटरवर पुढे उभी करून घेऊन गेला, आणि गल्लीच्या तोंडापर्यंत लेकीचं ओरडणं ऐकू येत होतं, ‘फिरतंय! बाबा, फिरतंय!’ अगं, ते स्कूटरच्या पळण्यानं फिरतंय, असं ती खिडकीतून म्हणाली, ऐकायला कुणी नसताना. तिला लपाछपी आठवली. ती लेकीच्याच वयाची असेल. मामाच्या घरी, कपाटाच्या मागे, डांबरगोळ्यांच्या वासात ती इतकी निश्चल उभी राहिली होती, श्वाससुद्धा पोटातच धरून, की ती कुणालाच सापडली नाही. किती अभिमान वाटला होता. मग बाहेर पोरांचे आवाज पांगले, ताटं वाजली, कुणीतरी हसलं. खेळ संपला होता. ती तरीही उभीच, कारण सापडेपर्यंत बाहेर यायचं नाही असा नियम. बऱ्याच वेळाने मामा कशासाठी तरी कपाटाशी आला आणि दचकला: ‘अगं, तू खेळात होतीस होय?’ त्याला काय उत्तर दिलं, ते मात्र तिला आठवेना. अहवाल पाठवून तिने कॉम्प्युटर मिटला. जमेल तेवढं केलं, असं स्वतःला सांगितलं, आणि लगेच स्वतःचाच राग आला, कारण हे वाक्य ती हल्ली फार वेळा सांगत होती, लेकीचा ताप असताना ऑफिसला जाताना, ऑफिस अर्ध्यावर टाकून घरी येताना, दोन्हीकडे तेच.

लेकीला आणायला निघाली तेव्हा दुपार झाली होती आणि, काय सांगावं, वारा सुटला होता. नुसता सुटला नव्हता, मिरवत होता. ओढणी सांभाळता सांभाळता तिच्या नाकी नऊ आले. दुकानांच्या पाट्या करकरत होत्या, कुणाची तरी टोपी रस्त्याने पळत होती आणि मागे तिचा मालक. आणि घरांच्या ओळीवर, स्वच्छ निळ्या आभाळात, कारखान्याचा धूर शहाण्या मुलासारखा एका बाजूला मान तिरकी करून पातळ होत होत दूर माळाकडे चालला होता, अगदी तिच्या नकाशात काढल्यासारखा. कारखान्याचे लोक, नियमवाले लोक, कुणीही आत्ता येऊन बघितलं असतं तर म्हणाले असते, बरोबर तर आहे. अहवाल खोटा नव्हता. त्यातला एकही आकडा खोटा नव्हता. हेच कुणाला कसं समजवायचं, की खोटं काही न बोलता अख्ख्या सकाळी नाहीशा करता येतात? फाटकापाशी आयांचा घोळका होता. एकीने विचारलं, ‘तुमच्या हिचा खोकला कसाय? आमच्याकडे तर दोघंही सुरू झालेत. हवा बदलतेय ना.’ ‘हो, हवा,’ ती म्हणाली, आणि फोन थरथरला. साहेबांचा निरोप होता. ‘रिपोर्ट पोचला. त्यांना परिशिष्टात फक्त तक्ते हवे होते, म्हणून ती ओळ मी काढली. बाकी काम उत्तम. आता दोन दिवस आराम करा.’ आराम! तिने तो निरोप पुन्हा वाचला. कुठेही धमकी नव्हती, कुठेही चूक नव्हती, मायेनेच लिहिलं होतं बिचाऱ्याने. वर तिची सही होतीच, त्या पानावर चिकटवलेली, त्या ओळीशिवाय. तिने टाइप करायला घेतलं, ‘साहेब, मग सहीही काढा’, आणि अंगठा थबकला. सकाळचं घर, घरातली सकाळ, वेणी, डबा, तो एक शब्द. तिने ‘काढा’ खोडलं, ‘सही’ खोडलं. ‘साहेब’ तेवढं राहिलं, आणि त्याच्यापुढे ती उभी रेघ लुकलुकत राहिली.

घंटा झाली. पोरं सांडली. त्यांच्या हातात भिरभिरी होती आणि या वाऱ्यात ती वेड लागल्यासारखी फिरत होती, रंगांच्या नुसत्या चकत्या. लेक सगळ्यांच्या मागून आली, चालत. एरवी ती चालत कधी येत नसे. भिरभिरं तिने छातीशी धरलं होतं, पाती दुमडून, फिरू न देता. सदऱ्याची कॉलर वळली होती आणि घडीत ती राखाडी रेघ तशीच होती. सकाळच्या धांदलीत सदरा झटकायचा राहूनच गेला. ‘काय झालं गं, राणी?’ ती खाली बसली, फोन मुठीत. लेकीचं तोंड तिच्या तोंडासमोर आलं. या उंचीवर वास वेगळा होता, माती, खडू, आणि अजूनही तो किंचित जळका तवा. ‘माझं फिरलं नाही,’ लेक म्हणाली. ‘कुणाचंच नाही फिरलं. आम्ही खूप वेळ उभे होतो. मी तर हललेच नाही. मला खोकला येत होता तरी हलले नाही.’ ‘मग?’ ‘मग बाई म्हणाल्या, आज वारा नाही, चौकोन रिकामे राहू दे.’ ‘असू दे. उद्या—’ ‘नाही, ऐक ना आई.’ लेकीने तिची हनुवटी धरून स्वतःकडे वळवली, जशी ती स्वतः लेकीची धरायची, औषध देताना. मुठीतला फोन पुन्हा एकदा थरथरला आणि थांबला. ‘तक्ता भिंतीवर लावलाय. माझ्या चौकोनात काहीच नाहीये. मग मी तिथे उभी होते, हे कुणाला कसं कळणार?’